जुनी गाडी: डीलरकडून की थेट मालकाकडून?

बजेट ठरलंय, मॉडेलही जवळपास ठरलंय, फक्त गाडी कुठून घ्यायची हे ठरत नाही, अशा माणसासाठी हे लिहितोय. मी दोन्हीकडे गाड्या पाहिल्या आणि शेवटी थेट मालकाकडून घेतली. म्हणून डीलरकडे जाऊच नका, असं माझं म्हणणं नाही. काही बाबतींत तो खरंच पुढे आहे.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन-तीन गाड्या एका जागी पाहायला मिळतात. एका गाडीचा क्लच जड आहे की नाही, हे शेजारच्या गाडीत बसल्यावर लगेच समजतं. मालकाकडे ही सोय नाही. कागदपत्रं, कर्ज, आपली जुनी गाडी देऊन बदल्यात नवी घेणं, या कामांतही डीलर तुमचा बराच वेळ वाचवतो. वॉरंटीचं मात्र नीट वाचून घ्या. बहुतेक वॉरंटी इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती असते. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, सस्पेन्शनचे बुश, म्हणजे जुन्या गाडीत खर्च काढणारे नेमके तेच भाग बहुधा त्यातून वगळलेले असतात. तरी काहीच नसण्यापेक्षा ती बरी, हे मान्य.

मग मी मालकाकडे का वळलो? डीलरकडे मला थंड इंजिन कधी मिळालंच नाही.

गाडी पाहायला गेलं की ती आधीच बाहेर काढून, धुऊन, सुरू करून ठेवलेली असायची. आदल्या दिवशी फोन करून ‘मी येईपर्यंत सुरू करू नका’ असं सांगितलं, तरी बोनेटवर हात ठेवल्यावर बोनेट कोमट लागायचं. जागा करायला हलवली, बॅटरी उतरू नये म्हणून चालवली, अशी कारणं मिळायची. ती खरीही असतील. एवढ्या गाड्या दाटीवाटीने उभ्या असल्यावर हलवाव्या लागणारच. पण माझ्या दृष्टीने गाडीची निम्मी परीक्षा तिथेच बुडायची.

रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाची पहिली काही सेकंदं खूप काही सांगतात. व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर रात्रीतून ऑइल खाली झिरपतं आणि सकाळी सुरू करताच सायलेन्सरमधून निळा धूर येतो. थोड्याच वेळात तो नाहीसा होतो. तासाभरापूर्वी सुरू झालेल्या इंजिनात तो दिसेलच असं नाही. टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, सैल झाली असेल किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर दमला असेल, तर ऑइलचा दाब तयार होईपर्यंत खडखड ऐकू येते. कमजोर बॅटरी आणि डिझेल गाडीत थंड इंजिन सुरू व्हायला ऊब देणारे ग्लो प्लग निकामी असतील तर तेही याच वेळी उघडे पडतात. थंड सकाळी पांढरी वाफ दिसली तर घाबरू नका, ती साचलेल्या ओलाव्याची असते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, जळतंय असं समजा.

कूलंटचं झाकणसुद्धा थंड इंजिनावरच उघडता येतं. गरम असताना आत दाब असतो आणि उकळतं पाणी अंगावर उडू शकतं. आत तेलाचा तवंग दिसला, किंवा ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ थर असला, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनात ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारी सीलची पट्टी, गेल्याचा संशय घ्यायला जागा आहे. नुसत्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाखाली असा थर ओलाव्यामुळेही जमतो, म्हणून लगेच निकाल देऊ नका, मेकॅनिकला दाखवा.

धुतलेल्या इंजिनाचंही तसंच. चकचकीत इंजिन पाहून बरं वाटतं, पण ऑइल कुठून पाझरतंय हे धुळीमुळेच कळतं. जिथे ओल असते तिथे धूळ चिकटून काळा पट्टा तयार होतो. तो पुसला गेला की काही दिवस काहीच दिसत नाही. मला धुळकट इंजिन जास्त भरवशाचं वाटतं.

मालकाला ‘सकाळी येतो, तोवर गाडी हलवू नका’ म्हटलं की बहुतेक जण ऐकतात. सोबत कोणाला तरी न्या. एकाने गाडी सुरू करायची, दुसऱ्याने मागे उभं राहून धूर पाहायचा. शिवाय ज्याने गाडी चालवली तोच समोर असतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला, क्लच कधी बदलला, पुढचा बंपर का रंगवला, हे विचारल्यावर तो काय सांगतो आणि कसं सांगतो, दोन्ही ऐका. बिलांची फाइल काढून देणारा मालक मला वॉरंटीच्या कागदापेक्षा जास्त पटतो. हे माझं मत आहे, मोजून काढलेला निष्कर्ष नाही.

मालकाकडून घेण्यातला त्रासही सांगायला हवा. प्रत्येक गाडीसाठी वेगळी चक्कर पडते. गाडीवर जीव असलेला माणूस किंमत सोडत नाही. व्यवहार झाल्यावर गाडी परत देता येत नाही. आणि मालक म्हणवणारा कधी कधी दलाल निघतो. फोनवर मॉडेलचं नाव न घेता फक्त ‘गाडीसंदर्भात फोन केलाय’ म्हणा, ‘कोणती गाडी?’ असा उलट प्रश्न आला तर त्याच्याकडे बऱ्याच गाड्या आहेत हे उघड आहे. कागदावरचं नाव आणि समोरच्याचं ओळखपत्र जुळतंय का ते पाहा. गाडीवर कर्ज बाकी असेल तर ते फिटल्याचा कागद हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

कुठूनही घेतली तरी काही गोष्टी सुटता कामा नयेत. टायरवर चार आकड्यांची निर्मितीची खूण असते, ‘3519’ म्हणजे 2019 सालचा 35वा आठवडा. मीटरवर किलोमीटर कमी पण पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग घासलेलं, ड्रायव्हरची सीट बसकी, असं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पाण्यात गेलेल्या गाडीच्या बेल्टवर आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सगळ्या काचांवर छापलेल्या निर्मितीच्या खुणा एकमेकींशी जुळतात का (वेगळी दिसली तर ती काच बदललेली असू शकते) आणि 17 अक्षरी चेसिस नंबर कागदाशी तंतोतंत जुळतो का, तेही बघा. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र, लावला आणि एकही दोष दिसला नाही, तर तो कॉम्प्युटर स्वतःच करत असलेल्या चाचण्या पूर्ण झाल्यात का ते त्यावरच तपासा. त्या अपूर्ण दिसल्या तर दोषांचे कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. बॅटरी काढल्यानेही तसं होतं, म्हणून कारण विचारा.

गाडी तातडीने हवी असेल, ओळखीचा मेकॅनिक नसेल किंवा कागदपत्रांमागे धावायला वेळ नसेल, तर डीलरच सोयीचा. फक्त त्याच्यापुढे दोन अटी ठेवा: गाडी रात्रभर बंद राहील आणि बाहेरचा मेकॅनिक येऊन तपासेल. दोन्ही मान्य करणारा डीलर भेटला तर त्याच्याकडून जरूर घ्या. मला भेटला असता, तर मीही कदाचित तिथूनच घेतली असती.