बडोद्याहून लहान पोरं घेऊन दोन दिवस : सापुतारा का आबू?

डिसेंबर जवळ आला की बाहेर राहणाऱ्या आमच्या ओळखीतल्या बडोदेकरांचा हाच प्रश्न असतो. सुट्टी जेमतेम तीन आठवडे, त्यातले अर्धे दिवस मावश्या-आत्यांकडे जेवण्यात जाणार, एक वीकेंड कसाबसा मोकळा मिळतोय तर पोरांना घेऊन डोंगरात कुठे जावं. पावागड कुणीतरी सुचवतंच, पण पावागड म्हणजे सकाळी निघायचं, रोपवेने वर जायचं, दर्शन घ्यायचं, येताना चांपानेर बघून संध्याकाळी चहाला घरी. त्यात राहण्याचं काही नाही. मग उरतात दोनच, दक्षिणेला सापुतारा आणि उत्तरेला आबू, आणि दोन्ही बडोद्यापासून तीनशे ते सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात, त्यामुळे नकाशा बघून काही ठरत नाही.

आम्ही मस्कतला असतो, बडोद्यातलं घर दांडिया बाजारात, थोरली सहाची आणि धाकटा तीनचा. दोन्हीकडे पोरांना घेऊन जाऊन आलोय, त्यावरूनच लिहितोय. ज्यांची पोरं दहा-बारा वर्षांची झालीत त्यांनी हे वाचून काही ठरवू नये, त्यांचं गणित वेगळं आहे आणि सुखाचं आहे.

मन विचाराल तर कुठल्याही मराठी घराचं मन आधी सापुताऱ्याकडेच जातं. एक तर पुढे वणी आहे, सप्तशृंगी आमच्याकडे सासरची कुलदेवता, म्हणजे आईंच्या भाषेत 'एका खेपेत दोन कामं'. शिवाय वर पोचलं की दुकानदार, घोडेवाला, कणीसवाली सगळे मराठी बोलतात, महाराष्ट्राची हद्द तिथून अगदी लागूनच आहे, आणि नागलीची भाकरी-पिठलं मिळतं जे आमची थोरली एरवी तोंडात घालत नाही पण तिथे मागून खाल्लं. आणि पोरांसाठी म्हणून जागा खरंच चांगली आहे हे कबूल करायला पाहिजे. वरती सपाट पठार आहे, तळं आहे, तळ्याभोवती बाग आहे, टेबल पॉइंटला एवढं मोकळं मैदान आहे की पोरगं सुटलं तरी लांबपर्यंत दिसत राहतं. लहान पोरांच्या आईबापाला हिल स्टेशनकडून अजून काय पाहिजे असतं, पॉइंट कोण बघतंय.

आता रस्ता. चिखलीपर्यंत हायवे आहे, तिथपर्यंत काही तक्रार नाही, भरूचला नर्मदेवर नवा पूल झाल्यापासून ती जुनी तासन्‌तास अडकण्याची कटकटही बरीच कमी झालीय. चिखलीहून वांसदा, तिथून वघई, इथपर्यंत पोरं लीलो चेवडो खात, गाणी म्हणत, मजेत. आणि वघई सोडलं की डांगचं जंगल सुरू होतं आणि वळणं सुरू होतात. वघई अगदी खाली आहे आणि सापुतारा हजार मीटरच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीची अख्खी कड तुम्ही गाडीत बसून चढता, पन्नासेक किलोमीटर, आणि तेसुद्धा आधीचे चार-पाच तास गाडीत बसून झाल्यावर, पोटात चेवडो असताना.

धाकट्याने पहिल्या काही वळणांतच सुरुवात केली. त्याचं बघून थोरलीला झालं. आम्ही पिशव्या ठेवल्या होत्या, लिंबू होतं, आवळा सुपारी होती, आत्याने दिलेला आल्याचा तुकडा होता, पण तीन वर्षांचं पोर सांगून ओकत नाही. आता हे सांगायला फार बरं वाटत नाही पण ज्यांनी पोरांची कारसीट बाहेरून विमानात घालून आणलीय त्यांना कळेल, त्या सीटचं कव्हर काढायचं म्हणजे सगळे पट्टे उलटे ओवून काढावे लागतात, बकलच्या खाचेत गेलेलं तर काढताच येत नाही, आणि हे मी घाटात रस्त्याच्या कडेला, शेजारून एसट्या जात असताना, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत करत केलं. ड्रायव्हर बिचारा सज्जन, काही बोलला नाही, फक्त सगळ्या काचा उघडल्या. वर पोचल्यावर पोरं तासाभरात टुणटुणीत झाली, तळ्यात बोटिंग केलं, कणीस खाल्लं, सगळं झालं. पण दुसऱ्या दिवशी निघताना धाकटा गाडीचा दरवाजा बघूनच रडायला लागला, आणि तिथून खालपर्यंत आम्ही दोघंही फक्त त्याच्या चेहऱ्याचा रंग बघत बसलो होतो. गिरा धबधबा वाटेत आहे, तिथे उतरलोसुद्धा नाही. (तसाही तो पावसाळ्यात बघायचा, डिसेंबरात पाणी ओसरलेलं असतं.)

यावर कुणी म्हणेल की तुमच्या पोरांनाच घाट लागत असेल. मलाही आधी तसंच वाटलं, पण मस्कतहून आम्ही जबल अखदरला जातो, ते चांगलं दोन हजार मीटरच्या वर आहे, चढ इतका खडा की खाली चेकपोस्टवर फोर बाय फोर गाडी नसेल तर वर सोडतच नाहीत, आणि तिथे ही दोघं आरामात झोपा काढतात. रस्ता रुंद आहे आणि घरून निघाल्यापासून सगळं मिळून दोन-अडीच तासांत आटपतं, बहुतेक त्याचाच फरक असावा. डॉक्टर नाहीये मी, पण माझ्या मते पोरांना घाटापेक्षा घाटाच्या आधीचे तास जास्त लागतात.

आणि आबू जिंकतं ते इथेच. आबूला रेल्वे आहे. बडोद्याहून सूर्यनगरी, रणकपूर, अरावली अशा गाड्या आबू रोडला थांबतात, पोरं बर्थवर चढतात, उतरतात, बाथरूमला जातात, समोरच्या काकूंकडून खाखरा मिळवतात, झोपतात. कारसीट लागत नाही, भाड्याची गाडी नको, अनोळखी ड्रायव्हरला 'भाई, जरा धीरे' म्हणत बसायला नको. बाहेर राहणाऱ्यांची इथे स्वतःची गाडी नसते, हा मुद्दा लोक विसरतात. आबू रोडला उतरून टॅक्सी केली की वरपर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरचा घाट, साधारण तास. वळणं तिथेही आहेत, नाहीत असं नाही, पण पोरं ताजीतवानी असतात आणि कंटाळायच्या आत वर पोचतात. आमच्याकडे पिशवी बाहेर काढावी लागली नाही, एवढंच सांगतो. फक्त तिकीट काढताना पोचायची वेळ बघा, काही गाड्या अर्ध्या रात्री उतरवतात. आणि आता रिझर्व्हेशन साठच दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही, तेव्हा तारीख लक्षात ठेवून बडोद्यातल्या भावाला सांगून ठेवलेलं बरं. परतीच्या वेळी प्लॅटफॉर्मवर रबडी घ्यायची, आबू रोडची ती ओळखच आहे.

आता आबूत सगळं गोड आहे असं नाही. तिथल्या 'नक्की' नावाच्या तलावाच्या आजूबाजूला संध्याकाळी इतकी गर्दी असते की पोराचा हात एक मिनिट सोडता येत नाही, आणि दर दहा पावलांवर फुगे, घोडा, सॉफ्टी, राजस्थानी ड्रेस घालून फोटो, यातलं प्रत्येक पोरांना पाहिजेच असतं. सापुताऱ्याच्या मोकळ्या मैदानापुढे हे काहीच नाही. शिवाय गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे शनिवार-रविवार आपल्याच राज्यातून कोण कोण कशासाठी येतं ते सांगायला नको, बाजारातल्या हॉटेलात रात्री बारापर्यंत कॉरिडॉरमध्ये आवाज चालू असतो. आम्ही बाजारापासून लांबचं, देलवाड्याच्या रस्त्याकडचं हॉटेल घेतलं, तिथे शांत होतं. ख्रिसमस ते ३१ डिसेंबर हा आठवडा तर टाळाच, महिनाअखेरीस तिथे विंटर फेस्टिव्हल असतो आणि पाय ठेवायला जागा नसते. आणि थंडी खरी थंडी असते, जानेवारीत पारा शून्याजवळ जातो, मस्कत-दुबईच्या पोरांना स्वेटर नावाची वस्तू घरात असेलच असं नाही.

देलवाड्याची जैन मंदिरं पोरांना घेऊन बघावीत का, तर बघावीत, पण पर्यटकांना दुपारी बारा ते सहा एवढंच आत सोडतात, म्हणजे नेमकी जेवणाची आणि झोपेची वेळ. मोबाईल-कॅमेरा बाहेर, चामड्याचं काही नको. त्यातलं विमल वसही हे मंदिर १०३१ सालचं, लूण वसही १२३० चं, दोन्ही गुजरातच्या सोळंकी-वाघेलांच्या काळातल्या मंत्र्यांनी बांधलेली, छताकडे बघत माझी मान दुखली पण पोरांना छताशी काही घेणं नाही, त्यांनी हस्तिशाळेतले संगमरवरी हत्ती मोजले आणि आकडा जुळेना म्हणून परत मोजले. तेवढ्यात आम्हा दोघांचं आळीपाळीने नीट बघून झालं. गुरुशिखर १७२२ मीटर, अरवलीतलं सगळ्यात उंच टोक, आणि वर दत्ताचं ठिकाण आहे, म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांना 'देवदर्शन झालं का' या प्रश्नाला उत्तर तयार. सप्तशृंगीची भरपाई दत्तात होते का हे मात्र प्रत्येकाने आपापल्या सासूबाईंना विचारावं. तसं १९५० ते ५६ आबू मुंबई राज्यातच होतं, त्यामुळे अगदी परक्या मुलुखात गेलो असंही नाही.

सापुताऱ्याला रेल्वे नाहीच का, असं थोरलीने विचारलं. आहे, म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत. बिलिमोरा-वघई ही छोटी गाडी, गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने डांगचं लाकूड आणायला १९१३ साली सुरू केलेली, त्रेसष्ट किलोमीटरला तीनेक तास घेते. पोरांना प्रचंड आवडेल, पण वेळापत्रक बघता दोन दिवसांच्या सहलीत ती बसवणं अवघड, आणि पुढचा तोच घाट आहेच. सुट्टी जास्त असेल तर ती गाडी आणि वघईचं बोटॅनिकल गार्डन असा वेगळा दिवस करा.

तर आम्ही या डिसेंबरातही आबूचंच तिकीट काढणार आहोत. ज्यांच्या पोरांना गाडी अजिबात लागत नाही त्यांनी खुशाल सापुताऱ्याला जावं, जागा म्हणून मला तीच जास्त आवडते, आणि पावसाळ्यात येत असाल तर डांगच्या हिरव्याला आबूकडे उत्तर नाही. आणि वणीचं दर्शन चुकवायचंच नसेल, किंवा तुम्ही मुंबईला उतरून आधी नाशिकच्या नातेवाइकांकडे जाणार असाल, तर सापुतारा तिकडूनच करा. नाशिक मुळातच सहाशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे चढ थोडा उरतो, सगळं मिळून ऐंशीएक किलोमीटर, आणि वणी वाटेतच पडतं. सकाळी गडावर जाऊन यायचं, पोरांना दहीभात किंवा काहीतरी हलकंच द्यायचं, आणि चेवड्याची पिशवी डिकीत, हाताला लागणार नाही अशी ठेवायची.