ट्रुमन की कार्टर: आधी कोणाचं चरित्र वाचावं?

ज्याचं नाव कुणाच्या मनातही नव्हतं असा माणूस अमेरिकेचा अध्यक्ष कसा होतो, हे समजून घ्यायला एकच चरित्र वाचायची सवड असेल, तर निवड हॅरी ट्रुमन आणि जिमी कार्टर या दोघांतून करावी. लिंकनबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, या दोघांकडे मात्र सहसा कुणी वळत नाही.

ट्रुमन मिसूरीचे. कॉलेजची पदवी नाही. दहाएक वर्षं शेती केली, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात कॅप्टन झाले आणि परतल्यावर कॅन्सस सिटीत मित्राबरोबर कपड्यांचं दुकान काढलं. 1922 मध्ये ते बुडालं. त्यांनी दिवाळखोरी पत्करली नाही, कर्ज वर्षानुवर्षं फेडत राहिले. कार्टर जॉर्जियातल्या प्लेन्स या खेड्यातले. नौदलात अधिकारी होते, पण 1953 मध्ये वडील गेले आणि नोकरी सोडून ते घरच्या भुईमुगाच्या धंद्यात आले.

इथवर दोघं सारखेच वाटतात. खरा फरक तिकीट कोणी दिलं, यात आहे.

ट्रुमन यांना प्रत्येक पायरीवर डेमोक्रॅटिक पक्षातल्या वजनदार लोकांनी वर घेतलं. कॅन्सस सिटीवर पक्षाचे स्थानिक पुढारी टॉम पेंडरगास्ट यांची पकड होती, त्यांच्याच पाठिंब्यावर ट्रुमन 1934 मध्ये सिनेटवर निवडून आले. पुढे युद्धखर्चातली उधळपट्टी शोधणाऱ्या समितीचे प्रमुख म्हणून त्यांनी स्वतःचं नाव कमावलं. 1944 मध्ये उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांना बाजूला सारून पक्षनेत्यांनी त्यांना पुढे केलं. याला निव्वळ नशीब म्हणतात ते मला पटत नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळलेली या नेत्यांना दिसत होती. आपण भावी अध्यक्ष निवडतोय, याची त्यांना पुरेशी कल्पना होती. उपाध्यक्षपदाच्या 82व्या दिवशी, 12 एप्रिल 1945 ला, रूझवेल्ट गेले आणि ट्रुमन अध्यक्ष झाले. अणुबॉम्बची सविस्तर माहिती ट्रुमन यांना मिळाली ती शपथ घेतल्यानंतर!

कार्टर यांच्या डोक्यावर असा कुणाचा हात नव्हता. 1962 मध्ये राज्याच्या सिनेटसाठी उभे राहिले तर क्विटमन काउंटीत स्थानिक पुढाऱ्याने मतदानात उघड गैरप्रकार केले, मेलेल्यांच्या नावावरही मतं पडली. कार्टर कोर्टात गेले, निकाल फिरवला. 1966 मध्ये गव्हर्नरपदासाठी लढले आणि हरले. त्याच वर्षी त्यांच्या आई, लिलियन कार्टर, वयाच्या 68व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतून भारतात यायला निघाल्या आणि विक्रोळीत परिचारिका म्हणून काम करू लागल्या. मुंबईकरांनी तरी हे माहीत करून घ्यायलाच हवं. 1970 मध्ये मुलगा गव्हर्नरपदी निवडून आला.

1974 च्या डिसेंबरात त्यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली तेव्हा देशभर प्रश्न होता, ‘कोण जिमी?’ पण 1968 नंतर त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नियम बदलले होते. त्या वर्षी उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी राज्यातली मतदान फेरी) न लढता उमेदवार झाले, त्यावर असंतोष उसळला आणि निवड मोठ्या प्रमाणात मतदारांकडे गेली. हे कार्टर यांच्या गटाने इतरांच्या आधी ओळखलं. उमेदवार निवडीची सुरुवात जिथून होणार होती त्या आयोवात ते महिनोन्‌महिने फिरले. जानेवारी 1976 मध्ये तिथे ‘अजून कोणीच नाही’ म्हणणारे पहिले आले, कार्टर दुसरे. तरी उमेदवारांत ते सर्वांत पुढे होते आणि वर्तमानपत्रांनी त्यांनाच विजयी ठरवलं. नोव्हेंबरात त्यांनी तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड यांना 297 विरुद्ध 240 इलेक्टोरल मतांनी (राज्याराज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं) हरवलं. अध्यक्ष निक्सन यांच्या वॉटरगेट प्रकरणाने विटलेल्या लोकांना बाहेरचा माणूस हवा होता, हेही तितकंच खरं.

तेव्हा आजची अमेरिकी निवडणूक कळावी, उमेदवार निवडीत वर्षानुवर्षं आधी मत देणारी आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही छोटी राज्यं एवढी मोठी कशी झाली हे समजावं, असं वाटत असेल तर आधी कार्टर घ्या. मी तरी हाच क्रम सुचवेन. ट्रुमन यांची वाट आता जवळपास बंद झाली आहे. बंद खोलीत बसून उमेदवार ठरवणारे पुढारी तितके बलवान राहिले नाहीत.

पण तुमचं कुतूहल पद मिळाल्यानंतरच्या माणसाबद्दल असेल, तर ट्रुमन. 1948 मध्ये सगळे त्यांना हरलेले समजत होते. ते रेल्वेने देशभर फिरले, गावोगावी डब्याच्या मागच्या बाजूला उभे राहून बोलले. निकालाच्या रात्री ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने प्रतिस्पर्धी ड्युई जिंकल्याचा मथळा छापून टाकला, आणि ट्रुमन 303 इलेक्टोरल मतं घेऊन निवडून आले. त्या वेळी त्यांना निवडलं ते पुढाऱ्यांनी नव्हे, लोकांनी.