जुन्या एमएक्स-५ ला पॉली बुश: कडकपणा नंतर, आधी नळीची लांबी मोजा

पॉली बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत रबराऐवजी बसवायचे पॉलियुरेथेनचे बुश. नवीन बसवलेलं त्यांचं कुठलंही किट पहिले काही आठवडे गप्प असतं, त्यामुळे बसवल्या बसवल्या दिलेल्या पाच ताऱ्यांना फारसा अर्थ नाही. या किटने तोंड उघडलं ते सलग पाऊस झाल्यावर. मागच्या डाव्या चाकाकडून, स्पीड ब्रेकरवरून सावकाश उतरताना, जुन्या लाकडी दारासारखी कुरकुर. गाडी पहिल्या पिढीची, १.६ इंजिनची माझदा एमएक्स-५, इंग्लंडातल्या मिठाच्या रस्त्यांवर म्हातारी झालेली. चारही कोपऱ्यांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म, त्यामुळे बुशची अजिबात कमतरता नाही. सगळे बदलले, ८० शोर कडकपणाचे (आकडा जितका मोठा तितकं कडक).

विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं: "ग्रीस कमी पडलं असेल, परत लावा." सगळ्यांना हेच ठरलेलं उत्तर मिळतं. ग्रीस लावलं, कुरकुर थांबली, पुढच्या पावसात परत सुरू. खरं कारण ग्रीसचं नव्हतंच, आतल्या स्टीलच्या नळीचं होतं. म्हणून हा सगळा प्रपंच.

रबरी बुशमध्ये रबर आतल्या नळीलाही चिकटवलेलं असतं आणि बाहेरच्या शेललाही. आर्म वरखाली झाला की रबर पिळतं, घसरत काहीच नाही. पॉलीमध्ये चिकटवलेलं काही नसतं. बोल्ट ताणला की नळी सबफ्रेमच्या, म्हणजे आर्म ज्याला जोडलेले असतात त्या खालच्या चौकटीच्या, दोन कानांमध्ये घट्ट आवळली जाते आणि पॉली तिच्यावर फिरते. त्यासाठी नळी बुशच्या दोन अर्ध्या भागांच्या एकत्र रुंदीपेक्षा किंचित लांब हवी, ०.२ ते ०.४ मिमी. तेवढी फट असेल तर कान नळीला दाबतात आणि पॉली मोकळी राहते. नळी आखूड असेल तर कान थेट पॉलीच्या कॉलरलाच, म्हणजे कडेच्या रुंद तोंडालाच, चिमटीत धरतात. मग आर्म फिरत नाही, घासतो. घासला की ग्रीस बाहेर, ग्रीस गेलं की पाणी आत, आणि मग कुरकुर.

या किटमध्ये मागच्या खालच्या आर्मच्या नळ्या बुशपेक्षा ०.३ मिमी आखूड निघाल्या. पुढच्या बरोबर होत्या. तीनशे पौंडांच्या आसपास पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत व्हर्निअर (बारीक मोजमापाचा कॅलिपर) आपणच लावायचा, हे डोक्यात जातं. पण लावाच. बुशचे दोन्ही भाग नळीवर चढवून हाताने पक्के दाबायचे, एकूण रुंदी मोजायची, मग नुसती नळी मोजायची. प्रत्येक जोडीची, कारण एकाच पाकिटातल्या दोन जोड्यांत फरक सापडतो.

उपाय स्वस्त आहे. जाड काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा वॉटर पेपर पसरायचा आणि बुशची कॉलर त्यावर आठच्या आकड्यात घासायची. पाणी मारत राहायचं, नाहीतर पॉली तापून चिकट होते आणि कागद भरतो. दर थोड्या वेळाने मोजायचं आणि दोन्ही अर्ध्या भागांवरून सारखंच उतरवायचं. ग्राइंडरला हात लावू नका, कॉलर तिरकी होते.

बसवल्यावर चाचणी एकच, पण ती चुकवायची नाही. शॉक आणि अँटी-रोल बारची लिंक सोडवलेली असताना बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने पूर्ण ताणायचा, आर्म हाताने वर उचलायचा आणि सोडायचा. स्वतःच्या वजनाने तो सावकाश खाली यायला हवा. मध्येच लटकून राहिला तर बोल्ट काढा आणि परत मोजा. ही चाचणी न करता गाडी खाली उतरवणाऱ्यांचेच "पॉली म्हणजे दगड" असे अभिप्राय असतात, अशी दाट शंका आहे.

जुने बुश काढणं हे खरं कष्टाचं काम. खालच्या आर्मचे आठ एक्सेंट्रिक बोल्ट, म्हणजे अलाइनमेंटचे कॅम असलेले, जुन्या बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. पाना लावला की बोल्ट फिरतोय असं वाटतं. प्रत्यक्षात बोल्ट आणि नळी एकत्र फिरत असतात आणि बाहेरचं रबर पिळलं जात असतं. पाना सोडला की बोल्ट परत जागेवर. असं दिसलं की तेल आणि गॅसच्या ज्योतीत वेळ घालवण्यापेक्षा सरळ रेसिप्रोकेटिंग सॉ घ्या, कार्बाइडचं पातं लावा आणि बुशची बाजू व सबफ्रेमचा कान यांच्यामधून कापा. एका बोल्टला दोन काप. त्यामुळे आठही कॅम बोल्ट, नट आणि प्लेटा नवीन आणून ठेवूनच काम काढा. हा खर्च किटच्या जाहिरातीत कुठेच नसतो. मागच्या हबमधून आरपार जाणारा लांब बोल्टही याच जातीचा. त्याला वेगळा वेळ राखून ठेवा.

कापायच्या आधी प्रत्येक कॅमची जागा रंगाने खूण करून फोटो काढा. नाहीतर अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी खेकड्यासारखी न्यावी लागते. जॅक लावताना सिलवर, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पेटीवर, भरवसा ठेवू नका. या गाडीचे मागचे सिल आतून कुजलेले असतात. सबफ्रेमखाली स्टँड द्या.

आर्म हातात आल्यावर रबर ड्रिलने पोखरून नळी बाहेर ढकलायची, मग बाहेरचा पत्र्याचा शेल हॅकसॉच्या पात्याने आतून एका जागी चिरायचा, आर्मच्या धातूला न लागता, आणि छिन्नीने आत दुमडून काढायचा. प्रेस असेल तर कानांच्या मध्ये आधाराला तुकडा द्या, नाहीतर आर्मचे कान आत वळतात आणि मग कुठलीच नळी बरोबर बसत नाही. बुश जाळून काढायचा सल्ला ऐकू नका. रबराचा धूर विषारी असतोच, आणि उद्या हेच पॉली बुश जाळून काढायला गेलात तर धुरात हायड्रोजन सायनाइड असतो. पुण्यामुंबईकडे हेच आर्म प्रेसवाल्याकडे टाकून चहा पिऊन यावं. इथे ताशी मजुरी ऐकली की आपोआप हातात हॅकसॉ येते.

चालवताना काय फरक? आधी मत असं झालं होतं की स्टिअरिंग कमालीचं तरतरीत झालं, ब्रेक दाबल्यावर नाक भरकटणं थांबलं, पॉली झिंदाबाद. आता ते मत निम्म्यावर आलं आहे. त्यातला बराचसा फरक तीस वर्षांचं भेगाळलेलं रबर गेल्याचा आहे. नवीन रबरी बुश टाकले असते तरी तो आला असता. पॉलीचा स्वतःचा वाटा म्हणजे वळणाच्या मध्ये ॲक्सिलरेटर सोडला तरी मागची चाकं दिशा बदलत नाहीत. तो मात्र स्पष्ट जाणवतो.

उलट, आराम वाटला होता त्यापेक्षा बरा आहे. पिळलेलं रबर स्वतःच स्प्रिंगसारखं काम करतं. ते गेल्यावर मोठ्या उंचवट्यांवर गाडी जरा मऊच चालते. त्रास होतो तो लहान, टोकदार गोष्टींचा: डांबराचे जोड, मॅनहोलची झाकणं, खडबडीत काँक्रीटचा मोटरवे. तिथे गुणगुण थेट सीटपर्यंत येते. छत उघडं ठेवून चालवणाऱ्याला ती वाऱ्यात ऐकू येत नाही, हिवाळ्यात छत बंद असताना येते.

ग्रीस सिलिकॉनचं, घट्ट आणि पाण्याने न धुपणारं. किटबरोबर आलेल्या पुड्या अर्ध्या बुशनाही पुरल्या नाहीत. नळीच्या बाहेरून, बुशच्या आतून आणि कॉलरच्या तोंडावर, तिन्हीकडे लावायचं. कॉलर बहुतेक जण विसरतात आणि आवाज तिथूनच येतो. बोल्टच्या दांड्याला अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारं वंगण) लावा, आट्यांना नको, नाहीतर टॉर्क चुकतो. पुढच्या वेळी कापाकापी टळेल. मागच्या नळ्या जुळवल्यापासून एक अख्खा हिवाळा गेला आहे आणि तो कोपरा अजून गप्प आहे.

अलाइनमेंट पुढे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे १ अंश, मागे उणे १.५, मागे थोडा टो-इन (चाकांची पुढची टोकं किंचित आत), सीटवर चालकाइतकं वजन ठेवून. एक गोष्ट अलाइनमेंटवाले सांगत नाहीत. जास्त कॅस्टरसाठी (स्टिअरिंगचा अक्ष मागे कललेला ठेवण्यासाठी) पुढच्या आर्मचे दोन कॅम उलट दिशांना टोकाला नेले की आर्म वरून पाहता तिरका होतो, बोल्ट मात्र सबफ्रेमला सरळच राहतो. रबर हा तिरकसपणा गिळतं. ८० शोरची पॉली कुरकुरत सहन करते. ९५ शोरची करत नाही, ती एका कडेवर घासून ओव्हल होते. म्हणून ट्रॅकवाला ९५ चा सेट घेणारच असाल तर कॅस्टरचा हव्यास सोडा. व्हर्निअर, काच आणि वॉटर पेपर घेऊन बसायची तयारी नसेल तर पॉलीच्या भानगडीत न पडता माझदाचे रबरी बुश टाका, फक्त त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे ताणा.