टायगर मॉथ की पिट्स? मोठं बायप्लेन बनवायच्या आधी हे वाचा

पहिलंच मोठं रिमोटचं बायप्लेन (वर-खाली दोन पंखांचं विमान) बनवायचं ठरलं की गाडी बहुतेक दोन खऱ्या विमानांच्या नावांवर येऊन अडते, टायगर मॉथ नाहीतर पिट्स स्पेशल. माझ्याकडं दोन्ही झालेत. म्हणून सांगतो, आधी फोटो बघू नका, आधी तुम्ही उडवणार कुठं ती जागा बघून या.

साइजचं बोलू. खऱ्या मॉथचा पंख टोकापासून टोकापर्यंत २९ फूट ४ इंच, म्हणजे पाव स्केलला (खऱ्याच्या चौथ्या भागाएवढं मॉडेल) ८८ इंच, जवळपास सव्वादोन मीटर. पिट्स एस-१ मुळातच टिंगू, १७ फूट ४ इंच, एक तृतीयांश स्केलला बनवलं तरी ७० इंचाच्या आत. त्यामुळं पिट्स पिकअपमध्ये जोडलेलंच टाकून नेता येतं, मॉथचे चारही पंख सुटे न्यायचे आणि माळावर जाऊन स्ट्रट (दोन पंखांमधले दांडे), तारा, बोल्ट जुळवत बसायचं, अर्धा तास तर कुठंच गेला नाही. आता आपल्याकडं उन्हाळ्यात नऊ-दहा वाजले की वावटळी सुरू होतात, म्हणजे तुमचं जोडून होईपर्यंत शांत हवा संपली!

उडवायला मात्र मॉथ म्हणजे मजा. हळू येतं, उतरताना अलगद बसतं. एक खोड आहे, एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलतं करणारी हलती पट्टी) फक्त खालच्या पंखाला, नुसता एलरॉन दिला तर नाक उलट्या बाजूला जातं, सोबत रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) द्यावाच लागतो. चार एलरॉनवालं पिट्स एस-१एस उलट, मनात आलं की वळलं, वाऱ्यातही मॉथपेक्षा ठाम. पण उतरताना जोरात येतं, शेपूट आखूड, जमिनीवर गर्रकन फिरायला वेळ लागत नाही. माझं पिट्स मी सोयाबीन काढलेल्या रानात उतरवलं, चाक ढेकळाला लागलं आणि सरळ कोलांटी, वरचा पंख गेला, तीन आठवडे नुसत्या रिब (पंखाच्या आतल्या फासळ्या) चिकटवत बसलो. काळ्या मातीची ढेकळं दगडापेक्षा कमी नाहीत राव.

दोन्हीत एक सारखं, थ्रॉटल एकदम बंद करायचा नाही. तारा अन् स्ट्रट इतकी हवा अडवतात की शिकायच्या ट्रेनर मॉडेलसारखं तरंगत येईल म्हणाल तर धपकन खाली. थोडी पॉवर ठेवूनच आणा.

बनवताना सीजी (विमानाच्या तोलाचा बिंदू) नीट बघा. मॉथचे पंख मागं झुकलेले आहेत, कारण पुढच्या सीटवरच्या माणसाला पॅराशूट घेऊन बाहेर पडता यावं म्हणून वरचा पंख पुढं सरकवला आणि तोल सांभाळायला मागं झुकवला. त्यामुळं मधल्या रिबवर अंदाजानं पुढच्या कडेपासून एक तृतीयांश धरलं की चुकतं, प्लॅनवर दिलेलंच घ्या. (१९३१ चं डिझाइन आहे, आपल्या हवाई दलाचे पायलटसुद्धा एकेकाळी यावरच शिकले.)

इंजिन पेट्रोलचंच घ्या, मिथेनॉलचं इंधन मागवत बसण्यापेक्षा पंपावरून पेट्रोल आणायचं, टू-स्ट्रोक ऑइल मिसळलं की झालं. मॉथला साधारण ३० सीसी पुरतं, पिट्सला ५० च्या आसपास. आणि मॉथचं काऊल (इंजिनावरचं झाकण) अरुंद, ४२ डिग्रीत इंजिन आत शिजतं, म्हणून हवा आत यायच्या भोकापेक्षा बाहेर जायचं भोक मोठं ठेवा.

नियमाचं थोडक्यात: २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात छंदासाठी उडवायचं मॉडेल बसतं. पण चिकलठाणा, नांदेड, लातूर अशा विमानतळांच्या आसपास असाल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघितल्याशिवाय जाऊ नका.

तर बघा, सपाट माळरान आहे आणि थंडीत पहाटे उठायची तयारी आहे, तर मॉथ. दुपारीच वेळ मिळतो, जागा डांबरी पट्ट्याची आहे आणि एलरॉनवालं एखादं लो-विंग (खालच्या बाजूला पंख असलेलं मॉडेल) आधी हातात बसलंय, तर पिट्स. डांबरावर मॉथच न्यायचा हट्ट असेल तर शेपटीची स्किड (जमिनीवर घासत जाणारी पट्टी) काढून छोटं चाक लावा, खऱ्यात स्किडच होती म्हणून अडून बसू नका, आपल्या माळावर स्केल तपासायला कोण येतंय.