पाठीतले पाणी कोणत्या यंत्रात घालावे? क्षयाच्या मेंदूज्वरासाठी मॉलिक्युलर चाचण्यांचा तुलनात्मक आढावा

दोन-तीन आठवड्यांचा ताप, वाढत गेलेली डोकेदुखी, उलट्या आणि आता ग्लानी, अशा अवस्थेत रुग्ण उपजिल्हा रुग्णालयात दाखल होतो. पाठीतले पाणी, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव, तपासले की त्यात लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या, प्रथिने शंभर मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर गेलेली आणि साखर रक्तातील साखरेच्या निम्म्याहून कमी आढळते. क्षयाच्या मेंदूज्वराचा संशय इथवर बळावलेला असतो. यापुढचा निर्णय मात्र सोपा नसतो. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ट्रूनॅट यंत्र आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सीबीनॅट म्हणजे जीनएक्सपर्ट आहे (दोन्ही यंत्रे जंतूंचा डीएनए शोधतात, म्हणून त्या मॉलिक्युलर चाचण्या), कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची, सोय त्याहूनही दूर आहे आणि हातात उरलेले पाणी मोजके आहे. ते कुठे पाठवायचे, हे ठरवावे लागणाऱ्या फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा-प्रमुखांसाठी ही तुलना केली आहे.

या आजारात चाचणी अवघड होते याचे मुख्य कारण म्हणजे पाठीतल्या पाण्यात क्षयजंतू फार थोडे असतात. आजाराची बरीचशी लक्षणे जंतूंच्या संख्येपेक्षा त्यांच्याविरुद्ध उठलेल्या दाहामुळे दिसतात. त्यामुळे रुग्ण बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असला, तरी त्याच्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये मोजकेच जंतू असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एका मिलिलिटरमागे साधारण पाच ते दहा हजार जंतू लागतात. जीनएक्सपर्टच्या जुन्या कार्ट्रिजला (यंत्रात घालायच्या चाचणी-कुपीला), म्हणजे एमटीबी/रिफला, शंभराच्या किंचित वर लागतात, तर नव्या अल्ट्रा कार्ट्रिजला सुमारे सोळा पुरतात. ट्रूनॅटच्या मूळ एमटीबी चिपची मर्यादा शंभराच्या आसपास आणि एमटीबी प्लस चिपची तीसच्या आसपास सांगितली जाते. हे सर्व आकडे प्रयोगशाळेत मोजून मिसळलेल्या जंतूंवरून काढलेले आहेत. त्यामुळे यंत्रांचा क्रम समजण्यापुरते ते उपयोगी आहेत. रुग्णाच्या बाबतीत तेवढीच कामगिरी होईल, अशी हमी त्यातून मिळत नाही.

झील-नील्सन रंजनाची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची स्लाइड बहुतेक प्रयोगशाळांत दहा ते वीस टक्के रुग्णांतच पॉझिटिव्ह येते. व्हिएतनाममध्ये भरपूर पाणी घेऊन आणि एकेका स्लाइडवर बराच वेळ खर्चून हे प्रमाण निम्म्याच्या वर नेता आले. तेवढा वेळ देणारा तंत्रज्ञ आपल्याकडच्या गर्दीच्या प्रयोगशाळेत मिळणे कठीण आहे. कल्चर अधिक भरवशाचे असले, तरी द्रव माध्यमातही त्याला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि उपचाराविना या आजाराचा रुग्ण तोवर थांबू शकत नाही. कल्चर निदानासाठी उशिराचे आहे, पण औषधांना दाद न देणारा जंतू ओळखण्यासाठी त्याला पर्याय नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली पाठीतल्या पाण्यावर पहिली चाचणी म्हणून एक्सपर्टची, म्हणजे जीनएक्सपर्टच्या जुन्या कार्ट्रिजची, शिफारस केली आणि २०१७ साली अल्ट्रालाही मान्यता दिली. जुने कार्ट्रिज आरपीओबी या एकाच जनुकाचा तुकडा शोधते. अल्ट्रा त्याखेरीज आयएस६११० आणि आयएस१०८१ हे दोन क्रम शोधते. हे क्रम एकाच जंतूत अनेकदा आढळतात, शिवाय अल्ट्रामध्ये अभिक्रियेचे आकारमानही दुप्पट, म्हणजे पन्नास मायक्रोलिटर, केलेले आहे. अल्ट्राची ताकद या दोन बदलांतून आली. कल्चरशी ताडून पाहणाऱ्या अभ्यासांचा २०२१ सालचा कॉक्रेन आढावा सांगतो की पाठीतल्या पाण्यावर जुन्या एक्सपर्टची संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी पकडलेल्यांचे प्रमाण) सुमारे ७१ टक्के आणि अल्ट्राची सुमारे ८९ टक्के होती. विशिष्टता (आजार नसलेल्यांना निगेटिव्ह ठरवण्याचे प्रमाण) मात्र अनुक्रमे सुमारे ९७ आणि ९१ टक्के निघाली. अल्ट्राची विशिष्टता कमी दिसते म्हणून बिचकण्याचे कारण नाही. कल्चर निगेटिव्ह असलेल्या काही खऱ्या रुग्णांना अल्ट्राने पकडले असेल, तरी कल्चरला कसोटी मानल्यावर ते ‘खोटे पॉझिटिव्ह’ म्हणूनच मोजले जातात.

अल्ट्राविषयी उत्साह निर्माण झाला तो युगांडातील एचआयव्हीबाधित रुग्णांवरच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासामुळे. त्यात कोणत्या ना कोणत्या चाचणीने पॉझिटिव्ह ठरलेल्या २२ रुग्णांपैकी २१ जणांना अल्ट्राने ओळखले, तर जुने एक्सपर्ट आणि कल्चर प्रत्येकी १० जणांपर्यंतच पोहोचले. हा आकडा आकर्षक आहे, पण ज्या कसोटीवर अल्ट्राला तोलले तिच्यात अल्ट्राचाच अहवाल सामील होता, हे विसरून चालत नाही. व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटीतील २०२० सालचा अभ्यास मुख्यतः एचआयव्ही नसलेल्या प्रौढांवरचा होता आणि कसोटी होती लक्षणे, पाण्याचे निष्कर्ष व स्कॅन यांवरून ठरवलेल्या निदानाची. तिथे अल्ट्राने ४७.२ टक्के आणि जुन्या एक्सपर्टने ३९.६ टक्के रुग्ण पकडले, आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस ठरला नाही. एचआयव्हीबाधितांच्या पाठीतल्या पाण्यात जंतू अधिक असतात. म्हणून महाराष्ट्रातील सर्वसाधारण वॉर्डातल्या, एचआयव्ही नसलेल्या प्रौढ रुग्णासाठी कोणत्या अभ्यासाचा आकडा धरायचा असे विचारले, तर मी व्हिएतनामचा धरेन. अल्ट्रा मिळत असेल तर तेच घ्यावे; पण ते जवळजवळ अचूक आहे, अशी समजूत करून घेऊ नये.

अल्ट्राच्या अहवालात ‘ट्रेस’ हा शब्द आला की पुष्कळदा गोंधळ उडतो. जंतूंचे अंश अगदी किंचित सापडले, एवढाच त्याचा अर्थ. थुंकीच्या बाबतीत, विशेषतः पूर्वी क्षय झालेल्या व्यक्तीत, ट्रेसचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. पाठीतल्या पाण्यावरचा ट्रेस मात्र पॉझिटिव्हच मानावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. ट्रेस आल्यावर रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का, हे काहीच कळत नाही, आणि मेंदूज्वरात ट्रेसचे प्रमाण मोठे असल्याने अल्ट्राने दिलेल्या कितीतरी निदानांत औषधरोधाची माहिती नसते. जुन्या कार्ट्रिजने पकडलेल्या रुग्णात ती सहसा मिळते. पण मुळात ते कमी रुग्ण पकडते. माझ्या मते या देवाणघेवाणीत अल्ट्राच सरस आहे, कारण निदानच झाले नाही तर रोधाची चर्चा कोणाबद्दल करायची?

ट्रूनॅट हे गोव्यातील वेर्णा येथील मॉलबायो कंपनीचे यंत्र. ते बॅटरीवर चालते, वातानुकूलित खोली मागत नाही आणि ग्रामीण रुग्णालयातही ठेवता येते. खंडित वीज आणि उन्हाळ्यातील तापमान यांमुळे जीनएक्सपर्ट जिथे कुरकुरते, तिथे हा फरक निर्णायक ठरतो. आधी क्षयजंतू शोधणारी चिप आणि ती पॉझिटिव्ह आली तर रिफाम्पिसिनची दुसरी चिप, अशा दोन टप्प्यांत, प्रत्येकी सुमारे तासाभरात, काम होते. मात्र २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ट्रूनॅटला दिलेली मान्यता फुप्फुसाच्या क्षयासाठी आणि थुंकीवरील अभ्यासांच्या आधारे होती. पाठीतल्या पाण्यावर एक्सपर्टच्या मागे जेवढा पुरावा उभा आहे, तेवढा ट्रूनॅटच्या मागे नाही. चिप एमटीबी आहे की एमटीबी प्लस, हे प्रयोगशाळेला विचारून घ्यावे. प्लस चिप आयएस६११० हा क्रमही शोधते, म्हणून जंतू कमी असलेल्या पाण्यासाठी तीच उजवी असण्याची शक्यता अधिक. दक्षिण भारतातील काही क्षयजंतूंमध्ये आयएस६११० मुळीच नसतो, हे मात्र ठाऊक असावे. प्लस चिप दुसरे जनुकही तपासते, त्यामुळे केवळ या कारणाने ती निकामी ठरत नाही.

यंत्रांच्या तुलनेत जी गोष्ट हमखास मागे पडते, ती म्हणजे पाण्याचे प्रमाण. माझ्या मते यंत्राच्या निवडीहून तिचे महत्त्व अधिक आहे. दक्षिण आफ्रिकेतील २०१३ सालच्या अभ्यासात सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, एकवटलेल्या नमुन्यावर जुन्या एक्सपर्टची संवेदनशीलता ८२ टक्के होती, तर थेट घातलेल्या पाण्यावर ती ४७ टक्के होती. जुन्या कार्ट्रिजऐवजी अल्ट्रा वापरून जो फरक पडतो, त्याच्याहून हा फरक कमी नाही, आणि त्यासाठी नवे यंत्रही लागत नाही. प्रौढाच्या शरीरात एका वेळी सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर पाणी असते आणि तासाला सुमारे वीस मिलिलिटर नवे तयार होते. मेंदूतील दाब पाहून पाठीत सुई घालणे सुरक्षित आहे असे ठरले असेल, तर आठ-दहा मिलिलिटर काढण्यास घाबरण्याचे कारण नसते. लहान मुलांत हे प्रमाण वयानुसार कमी ठेवावे लागते. तिथे जठरातील द्रव किंवा विष्ठेवर एक्सपर्ट करून आणि छातीचा एक्स-रे काढून शरीरात अन्यत्र क्षय शोधण्याला अधिक महत्त्व येते.

आठ मिलिलिटर मिळाले तर मी वाटणी अशी करेन. पेशींच्या मोजणीसाठी एक मिलिलिटर आणि साखरेसाठी थोडेसे (रक्तातील साखर त्याच वेळी तपासावी) बाजूला काढावे. उरलेले एकाच निर्जंतुक नळीत सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट जोरावर) पंधरा मिनिटे फिरवावे. वरचे स्वच्छ पाणी ओतून टाकू नये. प्रथिने आणि एडीए (क्षयात वाढणारे एक विकर) त्यावर करता येतात. तळाशी बसलेला साका थोड्या पाण्यात मिसळून त्यातला एक भाग आधी कल्चरसाठी वेगळा ठेवावा आणि मगच एक्सपर्टच्या भागात नमुना-द्रावण (एक्सपर्टचे सॅम्पल रीएजंट) घालून आकारमान दोन मिलिलिटर करावे. हा क्रम उलटला तर नमुना-द्रावणाने जंतू मरतात आणि कल्चरसाठी काहीच शिल्लक राहत नाही. पाणी पाच मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर न फिरवता थेट नमुना-द्रावणासह घालण्याची पद्धत आहे. मात्र ते रक्तमिश्रित किंवा पिवळट असेल तर प्रमाण कमी असले तरी फिरवून घ्यावे, कारण रक्तातील घटक पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या अभिक्रियेत, अडथळा आणतात.

यंत्र कोणतेही असो, निगेटिव्ह अहवालाचे काय करायचे, हा यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. समजा, वर वर्णन केल्यासारख्या शंभर संशयितांपैकी साठ जणांना खरोखरच क्षयाचा मेंदूज्वर आहे, चाचणी त्यातील निम्मे पकडते आणि इतर चाळीस जणांत एकही खोटे पॉझिटिव्ह येत नाही. तर सत्तर जणांचे अहवाल निगेटिव्ह येतील आणि त्यांतील तीस जण, म्हणजे सुमारे ४३ टक्के, आजारी असतील. आता संवेदनशीलता सत्तर टक्क्यांवर नेऊन पाहू. निगेटिव्ह अहवाल अठ्ठावन्न येतील आणि त्यांत अठरा रुग्ण, म्हणजे ३१ टक्के, उरतील. उपचार थांबवण्याइतका हा फरक मोठा नाही. फुप्फुसाबाहेरच्या क्षयासाठीच्या भारताच्या २०१६ सालच्या इंडेक्स-टीबी मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे: मेंदूज्वरात एक्सपर्ट पूरक चाचणी म्हणून वापरावी आणि तिच्या निगेटिव्ह अहवालावरून आजार नाही असे ठरवू नये. उपचाराचा निर्णय चाचणी पाठवताना घ्यायचा असतो, अहवाल आल्यावर नव्हे. संशय दृढ असेल तर क्षयाची औषधे आणि स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू करून नमुना प्रवासाला पाठवावा. उपचारानंतर जंतूंचा डीएनए काही काळ टिकतो, त्यामुळे पहिली चाचणी निगेटिव्ह आली तर काही दिवसांत पुन्हा पाठीतले पाणी काढून मॉलिक्युलर चाचणी करणे व्यर्थ जात नाही. कल्चरची आशा मात्र औषधे सुरू होताच वेगाने घटते, म्हणून त्याचा नमुना औषधांआधीचा असावा.

उरलेल्या पर्यायांबद्दल थोडक्यात. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने स्वतः तयार केलेल्या पीसीआरचे आकडे कधी कधी फार चांगले असतात; पण नमुन्यात बाहेरचा डीएनए शिरण्याची भीती आणि प्रयोगशाळेगणिक बदलणारी गुणवत्ता यांमुळे, ती प्रयोगशाळा स्वतः माहीत असल्याशिवाय त्यावर विसंबू नये. मेटाजीनोमिक सीक्वेन्सिंगचा (नमुन्यातील सगळाच डीएनए वाचण्याचा) खर्च मोठा असून क्षयजंतू थोडे असले की तेही चुकते. इतर विषाणू-जिवाणूंची शंका बळकट असलेल्या अनाकलनीय रुग्णासाठी ते राखून ठेवावे. एडीए ही मॉलिक्युलर चाचणी नाही आणि जिवाणूजन्य मेंदूज्वरातही ते वाढते, तेव्हा एक्सपर्टऐवजी ते करण्यात अर्थ नाही.

आता औषधरोध. एक्सपर्ट, अल्ट्रा आणि ट्रूनॅट यांच्या नेहमीच्या चाचण्या रिफाम्पिसिनबद्दल सांगतात, आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल नाही. मेंदूज्वरात आयसोनियाझिड पाठीतल्या पाण्यात उत्तम पोहोचते, तर रिफाम्पिसिन फारच कमी. म्हणून आयसोनियाझिड निरुपयोगी ठरल्याची किंमत इथे फुप्फुसाच्या क्षयापेक्षा मोठी असते. राष्ट्रीय औषधरोध सर्वेक्षणात (२०१४ ते २०१६) नव्या फुप्फुस-क्षयरुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांत आणि आधी उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांत आयसोनियाझिडला रोध आढळला होता. कल्चर उगवले की त्यावर लाइन प्रोब चाचणी (औषधरोधाचे जनुकीय बदल शोधणारी) करून ही माहिती मिळवता येते, आणि म्हणूनच कल्चरचा वाटा एक्सपर्टसाठी बळी देऊ नये. पाण्यात जंतू कमी असताना ‘रिफाम्पिसिन रोध आढळला’ असा एकटा अहवाल आला, तर रुग्णाची स्थिती पाहून औषधे तत्काळ बदलावीत, पण शक्य असल्यास दुसऱ्या नमुन्यावर पडताळणीही करून घ्यावी.

उपजिल्हा रुग्णालयातील त्या मूळ प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या प्रमाणावर आणि गाडीच्या वेळेवर ठरते. पाणी सहा मिलिलिटर किंवा अधिक असेल आणि जिल्ह्याला जाणारी गाडी त्याच दिवशी असेल, तर फिरवून किंवा सगळे एकत्र थंड पेटीत अल्ट्रासाठी पाठवावे, आणि कल्चरचा नमुना त्याच गाडीने पुढे जाईल अशी व्यवस्था करावी. जिल्ह्याला अजून जुनेच कार्ट्रिज आहे का, हे फोनवर विचारून घ्यावे. दोन-तीन मिलिलिटरच असेल आणि गाडी उद्या निघणार असेल, तर ते फ्रीजमध्ये ठेवून थांबण्यापेक्षा आपल्याच ट्रूनॅटवर, शक्यतो प्लस चिपने, लावावे. पॉझिटिव्ह आले तर निदान झाले. निगेटिव्ह आले तर चालू उपचार न थांबवता दोन-तीन दिवसांत पुन्हा भरपूर पाणी काढून ते जिल्ह्याला पाठवावे. ट्रूनॅट आणि जीनएक्सपर्ट यांच्यात थोडेथोडे पाणी वाटून दोन्हीकडे अपुरा नमुना देणे, हा या निवडींतला सर्वांत वाईट पर्याय आहे.