बीपी मशीनचा मोठा कफ (३२ ते ४२ सेंमी) : पाच महिने वापरल्यावर

आधी माप सांगते, कारण या वस्तूत सगळं मापावरच आहे. माझा दंड मध्यावर ३९ सेंमी भरतो. उंची पाच फूट दोन इंच. हा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, घेतला तेव्हा वजन १०४ किलो होतं.

घरात बीपी मशीन चार वर्षांपासून आहे. सोबत आलेला कफ २२ ते ३२ सेंमीचा. माझ्या दंडावर वेल्क्रो जेमतेम दोन बोटं चिकटायचं आणि हवा भरली की टर्रकन सुटायचं. कधी एरर यायचा, कधी १५८/९८. दंडावर तासभर वळ राहायचा.

तो आकडा मी कधी मानलाच नाही. जाड दंडाला लहान कफ लावला की रीडिंग वाढीव येतं, हे मी वाचलं होतं आणि ते खरंच आहे. कफातली हवेची पिशवी अपुरी पडली की धमनी दाबायला जास्त दाब लागतो. २०२३ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. मोठा कफ लागणाऱ्यांना नेहमीचा लावला तर वरचं बीपी सरासरी ५ च्या आसपास जास्त येतं, एक्स्ट्रा लार्ज लागणाऱ्यांना जवळजवळ २० ने. मी मात्र ‘वाढीव येतं’ एवढंच उचललं. ‘कफ लहान आहे हो, माझं बीपी नॉर्मलच असणार’ असं घरी, शाळेत, डॉक्टरांनासुद्धा सांगत राहिले. चार वर्षं. आणि मोठा कफ काही आणला नाही.

आणायचा तर दंड मोजावा लागला असता. ब्लाउज शिवायला टाकताना मी जुना ब्लाउज मापाला द्यायचे. ‘बाह्यांना माया जास्त ठेवा, कापड आटतं.’ टेलर ‘बरं वहिनी’ म्हणायचे, माया सोडायचे आणि वर्षभराने उसवून द्यायचे. दंडघेर किती झाला हा आकडा माझ्या कानावर कधी आलाच नाही. कापड आटत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

गेल्या दिवाळीत लेक घरी आली होती. तिनेच टेप घेतली. ‘आई, हात सैल सोड.’ मग मशीनच्या डब्यावरचं २२–३२ मला दाखवलं आणि गप्प बसली. मला रडू आलं.

सांगलीत तीन मेडिकलमध्ये विचारलं. ‘हाच सगळ्यांना बसतो, काकू,’ असं दोघांनी सांगितलं. तिसऱ्या दुकानात मुलाने गिऱ्हाइकांदेखत आत ओरडून विचारलं, ‘जाड्यांचा कफ आहे का रे?’ असं बोललं की माणूस औषधपाणी टाळून घरी जातो, हे दुकानदारांनी खरंच ध्यानात घ्यावं. शेवटी मिरजेत एका सर्जिकलच्या दुकानात मिळाला, साडेअकराशेला. पैसे वसूल.

कापड जाड आहे, शिवण पक्की आहे. वेल्क्रो पाच महिन्यांत एकदाही सुटलेलं नाही आणि वळ उठत नाही. नळीशेजारची खूण कोपराच्या आतल्या बाजूच्या धमनीवर आणायची. एक अडचण आहे : माझ्यासारखा दंड वर जाड आणि कोपराकडे निमुळता असेल तर कफ खाली घसरतो आणि खालची कड उघडी राहते. टेबलावर उशी घेऊन हात छातीच्या उंचीला ठेवते, कफ किंचित तिरका गुंडाळते, मग बसतो.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं पाठ टेकून बसले आणि दोनदा मोजलं. १५०/९४, १४९/९२. आठेक आकडे उतरले. नॉर्मल मात्र नव्हतं. घरचं बीपी सतत १३५/८५ किंवा वर राहिलं तर ते जास्तच धरतात. आता कफाचं कारण सांगायची सोय राहिली नाही.

सात दिवस सकाळ-संध्याकाळच्या नोंदी वहीत लिहून डॉक्टरांकडे नेल्या. गोळी सुरू झाली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४२ निघाला. आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. मी स्वतःला ‘अंगाने भरलेली’ म्हणायचे, ‘थायरॉईडचं अंग’ म्हणायचे. थायरॉईडचा रिपोर्ट दोन्ही वेळा नॉर्मल आला होता. त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर वजन लिहिलं आणि शेजारी ‘लठ्ठपणा’ हा शब्द लिहिला. पन्नाशीला आले, पण स्वतःच्या हाताने तो पहिल्यांदाच लिहिला.

घेणाऱ्यांनी खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंड मोजावा. दंड ४२ च्या वर असेल तर हाही कफ घेऊ नये, त्याहून मोठा मागावा. आणि दुकानात जाताना आपलं मशीन सोबत न्यावं. प्रत्येक कंपनीच्या नळीचं टोक वेगळं असतं आणि कफ बसला तरी टोक बसत नाही; माझी एक फेरी त्यातच गेली.