पुरात बुडालेला कॉम्प्रेसर आणि रंगाखालची पुट्टी

शिरोळ तालुक्यात आमचं पंक्चरचं दुकान आहे. वडिलांनी 1994 साली तिथं हवा भरायचा कॉम्प्रेसर बसवला, तीन एचपीचा, दोन सिलिंडरचा, दोनशे लिटर टाकीचा. ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्यांची टायरं, सगळं त्याच्यावर. जुलै 2021 च्या पुरात दुकानात छातीएवढं पाणी आलं आणि आठ दिवस उतरलं नाही. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर मशीन गाळात आडवं पडलेलं.

नवीन मशीन पन्नास हजारांच्या वर सांगत होते. घराची भिंत पडलेली, गाळप हंगाम दोन-अडीच महिन्यांवर आलेला. हंगामात ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात, तेव्हा हवा नसेल तर वर्षभराची कमाई गेली. त्यामुळं जुनंच दुरुस्त करायचं ठरवलं. बाहेरगावच्या एका दुरुस्तीवाल्याचा पत्ता कुणीतरी दिला. त्यानं येऊन मशीन बघितलं आणि 16,500 रुपये सांगितले. त्यात मोटरला तांब्याच्या तारेची नवीन गुंडाळी म्हणजे वाईंडिंग, पंपाच्या पिस्टनवर हवा अडवणाऱ्या नवीन रिंगा, पंपाच्या डोक्यातल्या म्हणजे हेडच्या झडपांच्या पात्या आणि गॅस्केट, टाकीची पाण्यानं टेस्ट सर्टिफिकेटसकट, आणि रंग. "दादा, शोरूमसारखं करून देतो," म्हणाला.

दिलंही तसंच. दसऱ्याच्या आधी टेम्पोतून मशीन उतरलं तेव्हा निळा रंग असा चकाकत होता की वडिलांनी टाकीवरून दोनदा हात फिरवला. मला आज सगळ्यात जास्त त्या रंगाचा राग येतो.

पहिली शंका वडिलांनाच आली. मशीन नवीन असताना त्यांनी दुकानाच्या भिंतीवर ऑईलपेंटनं लिहून ठेवलं होतं : "0 ते 8, सात मिनिटं." म्हणजे रिकामी टाकी आठ किलो दाबापर्यंत भरायला लागणारा वेळ. पुराच्या पाण्यानंही ते पुसलं नव्हतं. घड्याळ लावलं तर अकरा मिनिटं लागली. मी फोन केला. "नवीन रिंगा बसायला वेळ लागतो, पन्नास तास चालू द्या." नवीन रिंगा थोडा वेळ घेतात हे खरं आहे, म्हणूनच मी गप्प बसलो. पण हिशोब साधा होता. दोनशे लिटरची टाकी आठ किलोला भरायची म्हणजे बाहेरची सोळाशे लिटर हवा आत कोंबायची. सात मिनिटांत भरली तर पंप मिनिटाला सव्वादोनशेच्या वर हवा देतोय, अकरा मिनिटं लागली तर दीडशेच्या आसपास. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त हवा कुठंतरी मागं पळत होती. पन्नास तासांनीही काटा तसाच रेंगाळत चढायचा. पुढं हेड उघडलं तेव्हा कळलं, रिंगा जुन्याच होत्या, फक्त पुसून परत घातलेल्या. मी जुने भाग परत मागितले असते तर त्याच दिवशी उघडं पडलं असतं.

नोव्हेंबरात ऐन हंगामात एका रात्री मोटर जळाली. दुकानभर वार्निश जळाल्याचा वास. सकाळी जयसिंगपूरच्या वाईंडिंगवाल्याकडे नेली. त्यानं जळक्या गुंडाळीतली एक तार ओढून काढली आणि ब्लेडनं खरवडली. वरून लालसर तपकिरी, आतून चंदेरी. "अ‍ॅल्युमिनियम आहे हे. तुम्हाला तांबं सांगितलं होतं?" अ‍ॅल्युमिनियम तेवढीच वीज वाहून न्यायला छेदाच्या क्षेत्रफळात तांब्याच्या दीडपटीहून मोठं लागतं, आणि तांब्यासाठी केलेल्या खाचांत तेवढी जागा नसते. मग तार बारीक वापरतात आणि मोटर तापत राहते. आमच्या मोटरचं मूळ वाईंडिंग तांब्याचं होतं, काही किलो तरी असेल. ते मोडीत कुणी विकलं हे सांगायला नको.

इथवर असतं तर मी पैसे गेले म्हणून सोडून दिलं असतं.

मोटर नसताना मशीन बंद होतं, तेव्हा ते पुसायला घेतलं. टाकीच्या पोटाला, साचलेलं पाणी काढायच्या ड्रेन कॉकपासून वीतभर अंतरावर, रंगाला चिंचोक्याएवढा फोड आलेला दिसला. नखानं दाबला तर मऊ लागला. पापुद्रा काढला तर खाली गुलाबी लांबी, म्हणजे पुट्टी, गाड्यांच्या पत्र्याचे पोचे भरायला वापरतात तीच. स्क्रूड्रायव्हरनं उकरत गेलो. लांबी भुसभुशीत होऊन गळत होती, तिच्याखाली काळसर एम-सील, आणि त्याच्याखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर न लावता आत गेलं. पत्राच नव्हता, गंजाची पापडी होती. टोक बाहेर काढलं तसं त्यातून तांबडं पाणी ठिबकायला लागलं.

माझा भाचा तेव्हा दहावीत होता. शाळा सुटली की दुकानात यायचा आणि त्याच टाकीवर बसून डबा खायचा. मशीन चालू असतानाही.

त्या टाकीचं गोल झाकण 45 सेंटीमीटर व्यासाचं आहे. आठ किलो दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला आठ किलो, त्यामुळं एकेका झाकणावर आतून साडेबारा टनांच्या वर रेटा. उसानं भरलेली ट्रॉली जणू आतून ढकलत असते. अशी टाकी फाटते तेव्हा नुसती हवा सुटत नाही, पत्रा उडतो. लांबी आणि एम-सील लावून हा माणूस वर निळा रंग मारतो आणि पैसे मोजून घेतो. मोटर जाळलीस, ते मी विसरेन. हे नाही विसरणार.

सर्टिफिकेट शोधून काढलं. कॉम्प्युटरवर छापलेलं, शिक्का मारलेला, "12 किलोला टेस्ट केली". त्यात टाकी 160 लिटरची लिहिलेली. आमची दोनशेची. टाकीवरची पितळी पाटी रंगाखाली गेली होती, ती खरवडली तर नंबरही वेगळा. दाब फार वाढला की हवा सोडून देणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढली तर हालेना, तोही रंगानं चिकटलेला. हे सगळं मला मशीन उतरवून घेतानाच दहा मिनिटांत बघता आलं असतं.

त्याला फोटो पाठवले. आधी "पुराचं मशीन आहे, गॅरंटी नसते" म्हणाला, मग फोन उचलायचं बंद केलं. माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं, पण कामाची यादी त्याच्याच मोबाइलवरून आलेली होती आणि दहा हजार यूपीआयनं दिले होते. त्या आधारावर ग्राहक हेल्पलाइनवर (तिचा आजचा नंबर 1915) तक्रार नोंदवली आणि तसं त्याला कळवलं. दोन आठवड्यांनी सहा हजार परत आले. रोख दिलेल्या साडेसहा हजारांचा पुरावाच नाही.

नवीन टाकी कोल्हापूरच्या उद्यमनगरात घेतली. तिथल्या मिस्त्रींना मी आधीच म्हटलं, टेस्ट माझ्यासमोर पाहिजे आणि रंग त्यानंतर. त्यांना राग आला नाही, उलट बसायला स्टूल दिलं. टाकी काठोकाठ पाण्यानं भरली, वरच्या भोकातून हवेचा शेवटचा बुडबुडा जाऊ दिला, मग हातपंपानं दाब पंधरा किलोपर्यंत नेला, म्हणजे ती टाकी जास्तीत जास्त चालवायच्या दहा किलोच्या दीडपट. अर्धा तास काटा जागचा हलला नाही. पाणीच का, हवा का नाही, तर पाणी दाबलं जात नाही. टाकी चिरली तरी पाणी गळतं आणि दाब लगेच उतरतो, स्फोट होत नाही. कुणी हवेनं टेस्ट करून दाखवतो म्हणाला तर तिथं थांबूसुद्धा नका. आणि गंजून भोक पडलेल्या टाकीला ठिगळ मारून देतो म्हणाला तर मशीन उचलून घरी आणा. एका भोकाच्या आजूबाजूचा पत्राही तेवढाच खाल्लेला असतो.

पंप मात्र चांगला निघाला. ओतीव लोखंडाचा जुना माल. खऱ्या नवीन रिंगा, पात्या, तांब्याचं वाईंडिंग घातल्यावर वडिलांनी घड्याळ लावलं. सात मिनिटं आणि थोडे सेकंद.

जुनी टाकी मोडीत द्यायला नेली. भंगारवाला म्हणाला, "अख्खी दिलीत तर पंधराशे जास्त देतो, गिऱ्हाईक आहे." मी टाकी परत टेम्पोत चढवली. वर्कशॉपवर नेऊन सोड्याच्या पाण्यानं आतून धुतली, सगळे प्लग काढले आणि गॅसकटरनं उभी दोन भागांत कापून घेतली. आत तळाला बोटभर जाडीचा थर होता, खाली गंज आणि वर वाळलेला पुराचा गाळ. भाच्याला मुद्दाम सोबत नेलं होतं. तो बराच वेळ त्या अर्ध्या टाकीकडे बघत उभा होता.